मेमरी कार्ड किती जीबीचं घ्यायचं? निदान या चुका तरी टाळा

लग्नसराई जवळ आली की कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्या स्टुडिओवर नवीन पोरं यायला लागतात आणि प्रश्न ठरलेला असतो, 'दादा, २५६ घेऊ का ५१२?' कॅमेरा कुठला, त्याला कार्डाचे स्लॉट (खाचा) एक का दोन, रॉ (कॅमेऱ्याची कच्ची, मोठी फाइल) काढणार का नुसतं जेपेग (दाबून लहान केलेली नेहमीची फाइल), व्हिडिओची ऑर्डर आहे का, यातलं काही ठरलेलं नसतं, मोठं कार्ड घ्यायचं एवढं मात्र पक्कं असतं, कारण ऑनलाइन बघितलं की ६४ ची दोन घेण्यापेक्षा १२८ चं एक स्वस्त पडतं.

कार्डाची साइज दोन गोष्टींवरून ठरवायची. एक, तुमच्या कॅमेऱ्याची एक फाइल केवढी होते. आणि दुसरी, जिचा विचारच कोणी करत नाही, ते एक कार्ड उडालं तर किती काम गेलेलं तुम्हाला परवडणार आहे. रुपयाला किती जीबी मिळतात हे बघायचं, पण या दोन्हीच्या नंतर.

सगळं लग्न एका कार्डात

ही चूक बघून बघून वैताग आलाय म्हणून हिच्यावरच जास्त लिहितो.

आपल्या जिल्ह्यातलाच एक पोरगा आहे, हात चांगला, लाइटची समज चांगली. त्यानं एक स्लॉट असलेल्या कॅमेऱ्यात २५६ चं कार्ड घालून लग्नाची ऑर्डर घेतली. आदल्या दिवशी सकाळी हळद, संध्याकाळी सीमांतपूजन, सगळं त्याच कार्डावर. रात्री घरी गेल्यावर कॉपी करून घ्यायला पाहिजे होतं, ते केलं नाही, का तर कार्डात अजून लई जागा होती. दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या, पंगती बसल्या आणि स्क्रीनवर कार्ड एरर. काढून परत घातलं तरी तेच. कॅमेरा म्हणतोय फॉरमॅट करा, पार्टीची माणसं स्टेजवरून हाका मारतायत, खिशात दुसरं कार्ड नाही, मग काय, दाबलं फॉरमॅट. आणि त्याच कार्डावर पूर्ण रिसेप्शन शूट केलं, वर मधे मधे व्हिडिओ पण घेतले. रात्री उशिरा कॅमेरा घेऊन आमच्याकडं आला तेव्हा त्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

आता इथं काय होतं ते समजून घ्या. बहुतेक कॅमेऱ्यांत साधं फॉरमॅट केलं की फोटो लगेच पुसले जात नाहीत, कुठली फाइल कुठं आहे याची यादी तेवढी कोरी होते. त्या क्षणी शूटिंग थांबवलं असतं तर जवळजवळ सगळं परत मिळायची शक्यता होती. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते रात्रभर चालवलं आणि लग्नाचे बरेचसे फोटो निघाले. पण फॉरमॅटनंतर कॅमेरानं परत कार्डाच्या सुरुवातीपासून लिहायला घेतलं होतं आणि सुरुवातीला होती हळद. रिसेप्शनच्या व्हिडिओंनी ती हळद कायमची खाल्ली. नवरीच्या आजीनं तिला हळद लावलेला फोटो घरच्यांना हवा होता, तो कुणाकडंच नव्हता. पाहुण्यांच्या मोबाइलमधले फोटो गोळा करून अल्बमची ती पानं कशीबशी भरली.

मोठ्या कार्डाचा खरा तोटा हाच आहे. कार्ड लहान असलं तरी उडू शकतं, पण मोठ्या कार्डामुळं माणूस कॉपी करायचं पुढं ढकलतो. ६४ चं कार्ड भरलं की तुम्हाला थांबून काहीतरी करावंच लागतं.

माझी सवय सांगतो. लग्नाला मी ६४ चीच कार्डं नेतो. हळदीचं वेगळं, सीमांतपूजनाचं वेगळं, लग्नाची दोन, रिसेप्शनचं वेगळं. विधी संपला की कार्ड बदलायचं, भरलेलं असो नाहीतर अर्धं असो. वापरलेलं कार्ड केसमध्ये पालथं ठेवायचं, म्हणजे लेबल खाली, रिकामं असेल तर लेबल वर. गडबडीत विचार करावा लागत नाही, पालथं दिसलं की हात लावायचा नाही. आणि ती केस कमरेच्या पाउचमध्ये, कार्यालयाच्या खोलीत ठेवलेल्या बॅगेत अजिबात नाही, कारण त्या खोलीत दिवसभर कोण कोण येऊन जातं ते कुणालाच माहीत नसतं. जास्त कार्डं म्हणजे हरवायची भीती जास्त, असं काही जण म्हणतात. खरं आहे, सुटी खिशात टाकली तर हरवणारच. केस घ्या, आणि निघायच्या आधी कार्डं मोजा.

दोन स्लॉट असतील तर गोष्ट वेगळी, तिथं १२८ ची दोन चालतात. पण मेनूमध्ये जाऊन दुसरा स्लॉट बॅकअपवर आहे का बघा. किती जणांचा कॅमेरा मी बघितलाय ज्यात दुसरा स्लॉट ओव्हरफ्लोवर असतो, म्हणजे पहिलं भरलं की दुसरं सुरू. मग दोन स्लॉट असून सुरक्षिततेचा फायदा काहीच नाही, प्रत्येक फोटो एकाच ठिकाणी. सेकंडहँड बॉडी घेणाऱ्यांनीही हे तपासा, नवीन मॉडेल म्हणजे दोन स्लॉट असतीलच असं नाही. निकॉनच्या २०१० च्या डी७००० ला दोन स्लॉट होते आणि २०१७ च्या डी७५०० ला एकच आहे.

एका ठिकाणी मात्र मी स्वतः माझा नियम मोडतो, ते म्हणजे चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर. तिथं गुलाल-खोबऱ्याची उधळण सुरू असताना, सासनकाठ्या नाचत असताना कार्डाचं दार उघडलं तर गुलाल आत गेलाच म्हणून समजा, आणि तो बारीक गुलाल पिनांमध्ये बसला की कार्ड नाही, कॅमेराच दुरुस्तीला जातो. तिथं १२८ घालून खालूनच दार बंद करून जायचं, दोन स्लॉटचाच कॅमेरा न्यायचा आणि उतरून कॅमेरा पुसून झाल्यावरच दार उघडायचं. पावसाळ्यात गगनबावड्याला जाणाऱ्यांनाही हेच.

हिशोब न करता साइज ठरवणं

दुकानात जायच्या आधी तुमच्याच कॅमेऱ्यानं, तुमच्याच सेटिंगवर, नेहमी काढता तसे थोडे फोटो काढा आणि कॉम्प्युटरवर फाइल केवढी झाली ते बघा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात लॉसलेस कॉम्प्रेस्ड (क्वालिटी न घालवता दाबलेली) रॉ साधारण २५ ते ३० एमबीची होते, चांगल्या क्वालिटीचं जेपेग १० एमबीच्या आसपास. ६४ चं कार्ड कॉम्प्युटरला साधारण ५९.६ दिसतं, ते बघून दुकानदाराशी भांडू नका, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच फरक आहे. म्हणजे ६४ मध्ये दोन हजारांच्या आसपास रॉ बसतात. रंकाळ्यावरचा सूर्यास्त नाहीतर पन्हाळ्याचा रविवार, एवढ्यासाठी दोन हजार फोटो कमी पडत असतील तर कार्ड मोठं घेऊ नका, शटरवरचं बोट थोडं आवरा. सूर्य बुडेपर्यंत बर्स्ट (बटण दाबून धरून सलग फोटो) दाबून धरणारी पोरं मी घाटावर बघतो आणि मला खरंच वाईट वाटतं, एकही फोटो धड बघून काढलेला नसतो.

व्हिडिओचा हिशोब वेगळा. फोर-के १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट, आणि ८ बिटांचा एक बाइट) असेल तर सेकंदाला १२.५ एमबी, म्हणजे तासाला ४५ जीबी. ६४ चं कार्ड दीड तास पण पुरत नाही. २०० एमबीपीएसला तासाला ९०. मंगलाष्टकांपासून सप्तपदीपर्यंत कॅमेरा स्टँडवर सलग चालणार असेल तर त्या कॅमेऱ्याला १२८ किंवा २५६ घालायलाच पाहिजे, तिथं लहान कार्डाचा हट्ट धरू नका. फोटोचा आणि व्हिडिओचा कॅमेरा वेगळा, तर कार्डंही वेगळी.

आणि रॉ प्लस जेपेग दोन्ही चालू ठेवून नंतर जेपेग कधीच उघडत नसाल तर एकट्या रॉवर या, बरीच जागा वाचेल.

कॉपीच्या वेळेचाही विचार करा. चांगला कार्ड रीडर असेल आणि सेकंदाला ९० एमबी मिळत असतील तर २५६ चं भरलेलं कार्ड उतरायला पाऊण तासाच्या वर जातो, ६४ चं बारा मिनिटांत होतं. जेवणाच्या सुट्टीत एक कार्ड लॅपटॉपवर टाकणं जमतं ते ६४ मुळंच. जुना यूएसबी २ चा रीडर असेल तर मोठं कार्ड उतरवता उतरवता मध्यरात्र होते.

कार्डावरचा मोठा आकडा बघून भुलणं

ही माझी दुसरी आवडती तक्रार. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना, पेठेची टीम खेळतीय, गॅलरी ओरडतीय आणि बाउंड्रीवर एक नवीन फोटोग्राफर कॅमेरा हलवून हलवून बघतोय. काय झालं तर म्हणे कॅमेरा अडकला. कॅमेरा अडकला नव्हता, बफर भरला होता, म्हणजे कार्डावर लिहून होईपर्यंत फोटो साठवायची कॅमेऱ्यातली तात्पुरती जागा. सेकंदाला ८ फोटो, रॉ प्लस जेपेग मिळून एकाचे ४० एमबी, म्हणजे कॅमेऱ्यात सेकंदाला ३२० एमबी येतायत आणि त्याचं कार्ड लिहितंय सेकंदाला जेमतेम २०. पंचवीस फोटो साचले की ते उतरायला पन्नास सेकंद. तेवढ्यात कॉर्नर झाला, हेडर झाला, गोल झाला, आणि तो गोल त्याच्या कॅमेऱ्यात नाही.

त्याच्या कार्डावर '१००' लिहिलं होतं, त्यानं मला दाखवलं पण. तो आकडा वाचायच्या स्पीडचा असतो, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवताना मिळणारा, तोही जास्तीत जास्त. तुम्हाला लागतो लिहायचा स्पीड. त्यासाठी छोटी चिन्हं वाचायला शिका: गोलात १० असेल किंवा यू१ असेल तर सेकंदाला किमान १० एमबीची हमी, यू३ आणि व्ही३० म्हणजे ३०, व्ही६० म्हणजे ६०, व्ही९० म्हणजे ९०. माझ्या मते आता व्ही३० च्या खालचं कार्ड फोटोग्राफीसाठी घेऊच नये. बर्स्टवाल्यांनी किमान हमीवर न थांबता त्या कार्डाचा प्रत्यक्ष लिहायचा स्पीड किती आहे तेही विचारून घ्या.

पण उलटी चूकही होते. एन्ट्री लेव्हल कॅमेऱ्यात यूएचएस-२ चं (यूएचएस-१ पेक्षा वेगवान प्रकारचं) महाग कार्ड घालायचं आणि स्पीड वाढला नाही म्हणून कार्डाला नावं ठेवायची. यूएचएस-२ च्या कार्डाला मागं पिनांची दुसरी रांग असते, ती वाचणारा स्लॉट तुमच्या कॅमेऱ्यात नसेल तर ते यूएचएस-१ सारखंच चालतं, आणि त्याची कमाल हद्द सेकंदाला १०४ एमबी. सोनी ए७-३ ला दोन स्लॉट आहेत, पण यूएचएस-२ फक्त पहिल्यात. कॅनन ५डी मार्क ३ आपल्याकडं अजून लग्नात चालतो, त्याला एक स्लॉट सीएफचा (जुन्या प्रकारचं मोठं कार्ड) आणि एक एसडीचा (नेहमीचं छोटं कार्ड). त्याचा एसडी स्लॉट तर यूएचएस-१ पण नाही, त्यामुळं सीएफमध्ये कितीही भारी कार्ड घाला, सोबत एसडीवर लिहायला लावलं की सगळा कॅमेरा त्या एसडीच्या चालीनं चालतो. स्पोर्ट्स काढताना मी त्यातलं एसडी काढूनच ठेवायचो.

स्वस्तातलं ५१२

अर्ध्याहून कमी किमतीत ५१२ मिळत असेल तर ते ५१२ नाही. आतला चिप लहान असतो आणि कार्ड कॅमेऱ्याला खोटी साइज सांगतं. सुरुवातीचे फोटो नीट दिसतात, म्हणून संशय येत नाही, खरी जागा संपली की पुढचे फोटो अर्धे राखाडी नाहीतर उघडतच नाहीत. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, मॅक आणि लिनक्सवर एफ३, दोन्ही फुकट आहेत, पूर्ण कार्ड भरून परत वाचून बघतात. मोठ्या कार्डाला वेळ लागतो, लागू दे. नवीन कार्ड ही टेस्ट झाल्याशिवाय ऑर्डरवर न्यायचं नाही, दुकानदार कितीही ओळखीचा असो. बिल घ्या आणि जपून ठेवा.

बाकीच्या, थोडक्यात

जुन्या कॅमेऱ्यात ६४ घालायच्या आधी मॅन्युअल बघा. ३२ पर्यंतची कार्डं एसडीएचसी, त्याच्या वरची एसडीएक्ससी, आणि एसडीएक्ससी आलंच २००९ मध्ये, त्यामुळं त्याआधीच्या बॉडीला ३२ च्या पुढं जाऊ नका.

मायक्रोएसडी अॅडॉप्टरमध्ये घालून लग्न काढू नका, अॅडॉप्टर हा आणखी एक सैल पडणारा जोड आहे. त्यावरचं ए१, ए२ मोबाइलच्या अॅपसाठी असतं, फोटोसाठी नाही.

जागा करायला एकेक फोटो डिलीट करत बसू नका, त्यात नको तो जातो. दोन ठिकाणी कॉपी झाली की पूर्ण कार्ड फॉरमॅट, आणि तेही ज्या कॅमेऱ्यात वापरणार त्याच कॅमेऱ्यात.

कार्डावर लिहिणं चालू असल्याचा कॅमेऱ्यावरचा दिवा चालू असताना दार उघडू नका. बॅटरी संपत आली असेल तर मोठा बर्स्ट घेऊ नका.

कार्ड एरर आली तर फॉरमॅटला हो म्हणू नका, कॅमेरा काहीही म्हणू दे. बंद करा, कार्ड काढा, बाजूचं लॉक खाली सरकवा, पालथं ठेवा आणि दुसरं घालून काम चालू ठेवा. त्यासाठी खिशात दुसरं कार्ड पाहिजे, म्हणून पहिलाच कॅमेरा घेतलेल्यांना मी ६४ ची व्ही३० दोन घ्यायला सांगतो, १२८ चं एक नाही, पैसे थोडे जास्त गेले तरी.