कडबा कुट्टी: लाईट गेली की आधी बटण बंद

चारा कापायची कुट्टी चालू असताना लाईट गेली की मशीन थांबतं आणि माणूस सहज तोंडाशी अडकलेली पेंढी ओढायला जातो. बटण मात्र चालूच असतं. मोटर थेट बोर्डाला जोडलेली असेल तर लाईट येताच चाक फिरतं आणि रोलर पेंढीसकट हात आत ओढतो. म्हणून लाईट गेली की पहिलं बटण बंद, मग प्लग काढा.

खरा उपाय म्हणजे मोटरला स्टार्टर. लाईट जाताच त्याची कॉइल सुटते आणि हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. त्याला 'ऑटो' (लाईट येताच मोटर आपोआप सुरू करणारा स्विच) जोडून ठेवलात, तर स्टार्टर असून नसल्यासारखा.

चारा अडकला तर गिअरचा दांडा उलट टाकून बाहेर काढा. तरी निघाला नाही तर मोटर बंद करा, पण लगेच हात घालू नका. जड चाक बटण बंद केल्यावरही बराच वेळ फिरतं. ते पूर्ण थांबलं की आऱ्यांत लाकूड घालून अडवा.

आखूड बुडखे हाताने रेटायचे नाहीत, मागच्या पेंढीनेच पुढे सरकवायचे. पातं बोथट झालं की ओला मका कापण्याऐवजी पात्याला गुंडाळतो आणि तोंडाशी हात घालायची वेळ वारंवार येते, त्यामुळे धार लावणं हेही सुरक्षेचंच काम. पदर खोचलेला, बाह्या दुमडलेल्या, आणि हातमोजे अजिबात नकोत: रोलर आधी मोजाच धरतो.