बॅप्टिस्ट सेवाकार्यातील स्त्रियांच्या अनुभवांचा अभ्यास खानदेशातून कसा करावा

खानदेशात राहून हा विषय हाती घेणाऱ्याने पहिल्या मुलाखतीला निघण्यापूर्वी, समोरची मंडळी, म्हणजे स्थानिक चर्च, खरोखर बॅप्टिस्ट आहे की केवळ तशी वाटते, याची खातरजमा करून घ्यावी. नंदुरबार-नवापूरच्या पट्ट्यात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने आणि भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या बाजूला ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने काम उभे केले. या दोन्ही परंपरांत बॅप्टिस्टांप्रमाणेच विश्वास कबूल करणाऱ्याला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिला जात असल्यामुळे बाहेरच्या माणसाची फसगत सहज होते. बॅप्टिस्टांची जुनी केंद्रे मात्र सेरामपूर, ओडिशा, ईशान्य भारत आणि ओंगोल-नेल्लोर ही आहेत. तेव्हा अभ्यास एकतर त्या प्रदेशांतील मंडळ्यांचा करावा, नाहीतर खानदेशातील सेविकांचे अनुभव बॅप्टिस्ट स्त्रियांच्या अनुभवांशेजारी ठेवून पाहावेत आणि तसे शीर्षकातच स्पष्ट लिहावे. प्रवासखर्च आणि भाषा यांचा विचार करता दुसरा मार्ग अधिक व्यवहार्य आहे, असे माझे मत आहे.

हा काटेकोरपणा किरकोळ नाही, कारण बॅप्टिस्ट पद्धतीत प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त असते आणि पाळक कोणाला नेमायचे, हे सभासदच ठरवतात. इंग्लंडमध्ये एडिथ गेट्स यांनी 1918 मध्ये एका ग्रामीण मंडळीचे पाळकपद सांभाळले. अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्टांमध्ये ॲडी डेव्हिस यांना डरहॅमच्या एका मंडळीने 9 ऑगस्ट 1964 रोजी पाळकपदाची दीक्षा दिली. आणि त्याच सदर्न बॅप्टिस्ट संघटनेने 2000 च्या विश्वासविषयक निवेदनात पाळकपद पुरुषांपुरते मर्यादित केले. अशा निवेदनाने स्थानिक मंडळीने दिलेली दीक्षा रद्द होत नाही, फार तर त्या मंडळीला संघटनेबाहेर काढले जाते. म्हणून ‘बॅप्टिस्ट स्त्रियांना दीक्षा देतात का?’ हा प्रश्न सरसकट विचारण्यात अर्थ नाही. कोणत्या मंडळीने, कोणत्या साली आणि कोणाच्या विरोधाला न जुमानता ती दिली, असे विचारावे. भारतापुरती आणखी एक सीमारेषा लक्षात ठेवावी लागते. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा उत्तर भारतातील बॅप्टिस्ट मंडळ्यांची परिषदही तीत सामील झाली आणि त्या मंडळ्या बिशपच्या, म्हणजे अनेक मंडळ्यांवर देखरेख करणाऱ्या धर्माधिकाऱ्याच्या, व्यवस्थेखाली आल्या. त्यामुळे एखाद्या आजीबाईंची सेवा त्या तारखेच्या अलीकडची की पलीकडची, हे नोंदवल्याशिवाय त्यांच्या आठवणींचा अर्थ नीट लागत नाही.

कागदपत्रांपैकी मिशनचे वार्षिक अहवाल सर्वांत आधी हाती येतात, पण ते जपून वाचावेत. इंग्लंडच्या बॅप्टिस्ट स्त्रियांनी 1867 पासून भारतातील झनाना कार्यासाठी, म्हणजे पडद्यातील स्त्रियांमध्ये त्यांच्या घरी जाऊन करायच्या कामासाठी, स्वतंत्र संस्था चालवली. लुधियानात 1894 मध्ये स्त्रियांसाठी वैद्यकीय शिक्षण सुरू करणाऱ्या डॉ. एडिथ ब्राउन याच कार्यासाठी भारतात आल्या होत्या. अशा परदेशी बाईंचे पूर्ण नाव, पत्रे आणि छायाचित्रे मिळतात; त्यांच्याबरोबर घरोघर फिरून बायबल वाचून दाखवणारी देशी सेविका, म्हणजे बायबल वुमन, मात्र अनेकदा केवळ पहिल्या नावाने किंवा ‘आमची बाई’ एवढ्याच उल्लेखाने येते. ऑक्सफर्डच्या रीजंट्स पार्क कॉलेजातील अँगस ग्रंथालय आणि सेरामपूरचे केरी ग्रंथालय येथे पत्र पाठवताना व्यक्तीपेक्षा मिशनचे ठाणे आणि साल यांवरून चौकशी करावी. मराठी मुलखासाठी 1842 पासूनच्या ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचे अंक चाळावेत, ते बॅप्टिस्टांचे पत्र नव्हे, तरीही ख्रिस्ती स्त्रियांच्या कामाविषयी मराठी समाजात काय बोलले जात होते, ते त्यात दिसते. स्थानिक मंडळीकडे पंचांच्या सभेचे इतिवृत्त, बाप्तिस्म्याची नोंदवही आणि जुनी पगारपत्रके मागावीत. इतिवृत्तात कौतुकाचे ठराव असतात, पण त्या बाईला किती रुपये मिळत, की काहीच मिळत नसे, हे पगारपत्रकच सांगते.

मुलाखतींसाठी वेळ निवडताना कापूस वेचणीचे दिवस आणि नाताळचा पंधरवडा टाळावा. नंदुरबारकडील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, हेही ध्यानात ठेवावे. पाळकांची परवानगी जरूर घ्यावी, मात्र मुलाखत त्यांच्या बैठकीच्या खोलीत घेऊ नये, कारण पती किंवा पंच समोर असताना बाई ‘सगळं प्रभूच्या कृपेनं चाललंय’ एवढेच सांगते आणि विषय तिथेच संपतो. जिला अहिराणी किंवा मावची जवळची वाटते, तिला त्याच भाषेत बोलू द्यावे आणि लिप्यंतरातही ते शब्द तसेच ठेवावेत. ‘तुम्हाला अन्याय वाटतो का?’ असे थेट विचारण्याऐवजी कामाबद्दल विचारावे. उपासनेत बोलायला तुम्ही वेदीवर चढता की खाली उभ्या राहून बोलता? पती आजारी असताना उपदेश कोणी केला, आणि त्याची नोंद कोणाच्या नावावर झाली? नदीवर किंवा टाक्यात स्त्रियांचा बाप्तिस्मा होतो, तेव्हा पाण्यात त्यांच्यासोबत कोण उतरते, काठावर आडोशाची चादर कोण धरते आणि आधीचे कित्येक आठवडे त्यांना शिकवण कोणी दिलेली असते? या शेवटच्या प्रश्नावर बोलणे सहसा लांबते, आणि ते लांबू द्यावे.

लहान समाजात नाव बदलणे पुरेसे नसते. ‘चाळीसगावच्या पाळकबाई’ एवढ्या उल्लेखानेही जाणकार वाचक व्यक्ती ओळखतो, म्हणून गाव, पतीचे पद आणि मुलांचे तपशील यांतील काही गाळावेत किंवा एकाच व्यक्तीच्या नावावर एकत्र येऊ देऊ नयेत. ध्वनिमुद्रणाची लेखी संमती सुरुवातीला घ्यावी, आणि लिप्यंतर तयार झाल्यावर ते त्यांना वाचून दाखवून पुन्हा विचारावे. त्यांनी एखादा परिच्छेद काढायला सांगितला, तर तो कितीही मोलाचा असला तरी काढून टाकावा.