मुलाला झाडबेडूक हवाय? आधी न्हाणीत टॉर्च मारा

मृगाचे चार पाऊस पडून गेले की आमच्या गोव्यातल्या, फोंड्याकडच्या घरात, न्हाणीतल्या पाणी तापवायच्या भाणामागून रात्री ‘टक-टक-टक’ सुरू होतं. कोणी नखाने पत्र्यावर वाजवावं तसं. गेल्या वर्षी माझ्या आठ वर्षांच्या भाच्याने लाल डोळ्यांच्या हिरव्यागार बेडकाचा व्हिडिओ पाहिला आणि “मावशी, मला हाच पाळायचाय” म्हणून हट्ट धरला. तो बेडूक त्याला मिळाला नाही, भाणामागचा मात्र मिळाला. तो कसा शोधायचा, कसा ओळखायचा ते इथे सांगते.

विकतचा नको, रानातलाही नको

लाल डोळ्यांचा तो बेडूक मध्य अमेरिकेतल्या पावसाळी जंगलांतला. त्याचं नाव साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, आणि असा परदेशी प्राणी घरात ठेवायचा तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. शिवाय तो दिवसभर पानाला चिकटून झोपतो, जिवंत किडेच खातो आणि त्याला हाताळलेलं सोसत नाही. मुलाचा उत्साह पंधरा दिवसांत ओसरतो, बेडकाला मात्र पुढची कित्येक वर्षं काचेत काढायची असतात.

मोले, बोंडला, खोतीगावला सहलीला गेल्यावर तिथून एखादा डब्यात घालून आणायचा विचारही करू नका. अभयारण्यातून प्राणी उचलणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. एका जागचा बेडूक दुसरीकडे नेला की त्याच्या कातडीवरचे रोगही बरोबर जातात, हे कारण मला त्याहून मोठं वाटतं.

ओळखायचा कसा

रात्री आठनंतर मुलाला घेऊन न्हाणी, विहिरीचा कठडा, केळीची पानं आणि अळवाचा वाफा बघा. आधी बोटांकडे पाहायला सांगा. झाडबेडकाच्या बोटांच्या टोकांना गोल, चपट्या चकत्या असतात, त्यांच्या जोरावर तो गुळगुळीत भिंत चढतो. अंगणात बसलेला जाडजूड, खरबरीत, डोळ्यांमागे फुगीर गाठी असलेला बेडूक वेगळा. त्याला चकत्या नसतात, आणि त्या गाठींतून विषारी स्राव येतो, म्हणून त्याला हात लावू देऊ नका.

गोव्याच्या घरांत बहुतेक वेळा सापडतो तो चुनाम बेडूक. चुन्याच्या भिंतींवर चढतो म्हणून हे नाव. नर साधारण चार-पाच सेंटिमीटर, मादी सात-आठपर्यंत. रंगावर मात्र जाऊ नका. सकाळी फिकट पिवळसर दिसलेला रात्री गडद तपकिरी होतो, आणि भाचा पहिले दोन दिवस “हे दोन वेगळे आहेत” म्हणून माझ्याशी भांडला होता. खरी खूण मांडीच्या मागच्या बाजूला असते: तपकिरी जाळीत गोल पिवळे ठिपके. पाय ताणून भिंत चढताना ते नेमके दिसतात, त्यासाठी पकडायची गरज नाही.

सत्तरी तालुक्यात किंवा घाटाच्या पायथ्याशी राहत असाल तर पावसाळ्यात मलबारचा उडता बेडूकही दिसू शकतो. हिरवागार, बोटांमध्ये नारिंगी-लाल पडदे. हे पडदे पसरून तो एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जातो. झुडपात बसून ओरडणारे अंगठ्याच्या पेराएवढे बेडूक आणखी वेगळे. त्यांच्यात डिंभ, म्हणजे पाण्यात पोहणारी शेपटीवाली पिल्लं, होतच नाहीत, अंड्यातून थेट इवलासा बेडूक निघतो.

आपला कोणता?

सगळ्यांत जवळ, रोज दिसेल असा एक निवडा. पाठीवरचे डाग सगळ्यांचे सारखे नसतात, त्यामुळे मुलाला वहीत चित्र काढून ठेवायला सांगा. नाव त्यालाच ठेवू दे. आवाज येत असेल तर तो नर, कारण साद घालतात ते नरच.

मी लहान असताना असाच एक बरणीत ठेवला होता. झाकणाला भोकं पाडली, आत पानं घातली, आणि बरणी खिडकीत विसरले. दुपारच्या उन्हात तो मेला. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, ती सुकली की संपलंच. म्हणून पाळायचा तो मोकळाच.

त्याच्यासाठी करायचं ते एवढंच. न्हाणीत फिनेल ओतू नका, कोपऱ्यात डासांची अगरबत्ती लावू नका. जे कातडीला लागतं ते त्याच्या अंगात भिनतं. कोपऱ्यात कुंडी आणि उथळ ताटलीत पाणी ठेवा. नळाचं असेल तर आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. उचलावंच लागलं तर ओल्या हाताने, आणि त्या हाताला साबण किंवा डासांचं मलम लागलेलं नको. नंतर मुलाचे हात साबणाने नीट धुवा, बेडकाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. पाच वर्षांखालच्यांनी नुसतं बघायचं.

टाकीच्या कडेला पाण्याच्या वर पांढऱ्या फेसाचा गोळा दिसला तर घाण समजून खरवडू नका. ते घरटं आहे. काही दिवसांनी डिंभ त्यातून टपटप पाण्यात पडतात. आमच्याकडे तेव्हा भाच्याने टाकीवर पाटी लावली होती, ‘पाणी काढू नये, शाळा चालू आहे’. आम्ही गणेश चवथीपर्यंत दुसऱ्या टाकीचं पाणी वापरलं.