आखूड गाडी, दांडगं इंजिन आणि कोकणातलं वळण

"गाडी घसरतेय असं वाटलं की लगेच ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा." रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या रस्त्याला स्पोर्ट्स कार घेऊन निघालेल्याला हा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकून मी एकदा गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात शिरलोय.

आताची पोर्श ९११ आणि आपली स्विफ्ट, दोघींचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४५० मिमी. फक्त स्विफ्टला ऐंशीएक हॉर्सपॉवर, आणि ९११ च्या साध्यातल्या साध्या मॉडेललाही ३८० च्या वर, तीही मागच्या चाकांना. इनोव्हा क्रिस्टा २७५० मिमीची, म्हणून तिचा तोल सावकाश बिघडतो. आखूड गाडी गर्रकन फिरते.

टायरची हवा थंड असताना बघा, ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागच्या जागी गरगरू न देणारी यंत्रणा) बंद करू नका. ब्रेक आणि गिअर वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावरच उरकून घ्या.

आता वळणाचा मध्य. वेग जरा जास्त वाटतो आणि पाय आपोआप वर येतो. तिथेच घात होतो. ॲक्सिलरेटर झटक्यात सुटला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होऊन पकड सोडतात. माझ्या वेळी जूनचा पहिला पाऊस होता, चिऱ्याच्या डंपरांनी सांडलेली तांबडी माती भिजून रस्ता नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा झालेला. वळणापलीकडे गाय बसलेली दिसली, मी पाय काढला, मागचा भाग बाहेर गेला. स्टिअरिंग वळणाच्या उलट बाजूला फिरवलं ते बरोबरच होतं, पण सरळ करायला उशीर केला. गाडीने दुसऱ्या बाजूला पहिल्यापेक्षा जोरात हिसडा दिला. गडग्याचे मालक आजोबा छत्री घेऊन आले नि म्हणाले, "आधी दगड लावून द्या, मग गाडी काढा." लावले.

म्हणून पाय उचलायचाच तर लिंबू पिळल्यासारखा, हळूहळू. मागचा भाग ज्या बाजूला जातोय त्याच बाजूला स्टिअरिंग द्या, नजर गडग्यावर नको, जिथे जायचंय त्या रस्त्यावर ठेवा. आणि मागचा भाग परतायला लागला रे लागला की स्टिअरिंग सरळ करायला घ्या, तो पुरता परत येईपर्यंत थांबू नका. हा दुसरा हिसडाच माणसाला झोपवतो, पहिला नाही. समोर खरंच गुरं असतील तर आधी स्टिअरिंग सरळ, मग पूर्ण ब्रेक. गाडी हाताबाहेर जाऊन गरगरायलाच लागली, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून धरा.

वळणातून निघताना स्टिअरिंग जेवढं सुटेल तेवढाच ॲक्सिलरेटर. टर्बोची, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याची, ताकद क्षणभर उशिरा आणि एकदम येते, म्हणून पावसात एक गिअर वरचाच बरा.

सराव कुंभार्ली घाटात करू नका. कोइमतूरच्या रेसिंग ट्रॅकवर एक दिवस घालवा, टायर झिजतील तेवढेच. आणि आरे-वारेचा उतार संपला की वेग आधीच उतरवलेला असू द्या. तिथे वाऱ्याने रस्त्यावर वाळू आलेली असते, आणि समुद्राचे फोटो काढणारे मागे न बघता रस्त्यात सरकतात.