विंडोज ९८ वर पेनड्राइव्ह चालवायचाय? आधी तो खिशातच ठेवा

आमच्या मामाचं कराडला छोटं प्रेस आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे अहवाल, निवडणूक आली की पत्रकं. तिथं एक जुना पेंटियम थ्री कॉम्प्युटर अजून रोज चालतो. १२८ एमबी रॅम, विंडोज ९८, पानं जुळवायचं पेजमेकर ६.५ आणि मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर, ज्याचं लॉक (जे लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालतच नाही) मागं प्रिंटरच्या पोर्टाला लावलेलं आहे. नव्या कॉम्प्युटरला तसलं पोर्टच नसतंय त्यामुळं मशीन बदलूया म्हटलं की मामा म्हणणार, "चालतंय न्हवं, मग कशाला हात लावतोस." मागच्या दिवाळीत त्याच्या फ्लॉपी ड्राइव्हनं मान टाकली आणि फायली बाहेर काढायची सोयच राहिली नाही, तेव्हा मी दोन दिवस बसून यूएसबी चालू करून दिलं. त्यातला पहिला दिवस पूर्ण वाया गेला, का ते पुढं येईलच.

मुळात ९८ ला यूएसबी कळतं, माउस-कीबोर्ड लावला तर चालतो, पण पेनड्राइव्ह म्हणजे काय हेच त्याला माहीत नाही. कारण साधं आहे, ९८ आलं १९९८ ला, सेकंड एडिशन १९९९ ला, आणि पेनड्राइव्ह बाजारात यायला २००० साल उजाडलं. सगळ्या पेनड्राइव्हना चालणारा एकच ड्रायव्हर (लावलेली वस्तू कशी चालवायची हे विंडोजला सांगणारा प्रोग्राम) विंडोज २००० आणि विंडोज मिलेनियमपासून सोबत यायला लागला. ९८ वाल्यांना कंपन्या प्रत्येक पेनड्राइव्हबरोबर वेगळा ड्रायव्हर द्यायच्या आणि तो फक्त त्याच मॉडेलचा नंबर ओळखायचा, दुसरा लावला की परत ये रे माझ्या मागल्या.

यावर उपाय म्हणजे एनयूएसबी नावाचं पॅकेज. मॅक्सिमस डेसिम असं टोपणनाव घेतलेल्या एका माणसानं मिलेनियमचे ड्रायव्हर काढून ते ९८ मध्ये बसतील असे बांधून दिलेत. मी ३.३ वापरलं, ३.६ पण आहे. फाइलच्या नावात शेवटी ई असेल ती इंग्रजी विंडोजची, आपल्याकडं तीच लागते. हे फक्त सेकंड एडिशनसाठी आहे हां, म्हणून आधी माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, तिथं ४.१०.२२२२ ए असं दिसलं पाहिजे. ४.१०.१९९८ दिसलं तर ती पहिली एडिशन, मग एकतर एडिशन बदला नाहीतर ज्याचा ९८ चा ड्रायव्हर मिळतो असा एखादा जुना पेनड्राइव्ह शोधा.

आता माझा पहिला दिवस का वाया गेला ते. मी गेलो आणि उत्साहात आधी पेनड्राइव्हच खुपसला. लगेच अ‍ॅड न्यू हार्डवेअर विझार्ड आला, मी नेक्स्ट नेक्स्ट करत गेलो, ड्रायव्हर सापडला नाही, फिनिश दाबलं. मग एनयूएसबी टाकलं, रिस्टार्ट केलं, पेनड्राइव्ह लावला, काहीच नाही. पुन्हा टाकलं, पुन्हा काही नाही. झालं असं होतं की पहिल्या वेळी विंडोजनं त्या पेनड्राइव्हची अननोन डिव्हाइस म्हणून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत, नोंद करून ठेवलेली, त्यामुळं नवा ड्रायव्हर आला तरी ते त्याला विचारतच नव्हतं. वर त्याच्याआधी कुणीतरी दोन-तीन कंपन्यांचे ड्रायव्हर टाकून बघितलेले, ते पण बसलेले तिथंच. म्हणून सांगतो, आधी झाडलोट, मग ड्रायव्हर, आणि पेनड्राइव्ह सगळ्यात शेवटी.

झाडलोटीच्या आधी दोन गोष्टी. एक, माउस-कीबोर्ड यूएसबीचा असेल तर काढा आणि जुना गोल पिनचा लावा, कारण आपण यूएसबीचे कंट्रोलरच उडवणार आहोत आणि मग स्क्रीनवर यस-नो विचारत बसलेलं असतंय आणि तुमच्याकडं क्लिक करायला काही नसतंय. दोन, विंडोज ९८ ची सीडी हाताशी ठेवा, त्याहून चांगलं म्हणजे सीडीतला विन९८ फोल्डर सी ड्राइव्हवर विंडोजच्या आत ऑप्शन्स, त्याच्या आत कॅब्स असा फोल्डर करून त्यात कॉपी करून टाका. मधेच सीडी मागितली की हाच रस्ता टाइप करायचा. मामाच्या मशीनचा सीडी ड्राइव्ह मूड असेल तरच वाचतो त्यामुळं मला याचा फार उपयोग झाला. एनयूएसबीची फाइल पण सीडीवर राइट करून न्या, राइट करताना स्पीड कमी ठेवा, जुने ड्राइव्ह फास्ट जाळलेल्या सीडीवर अडखळतात.

मग मशीन चालू करताना कंट्रोल दाबून धरा, मेनू येईल, त्यातनं सेफ मोड घ्या, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरतंच चालू होतं. एफ८ नं पण येतो पण त्याची वेळ साधावी लागते. सेफ मोडच का, तर तिथं डिव्हाइस मॅनेजरमध्ये (माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमधली हार्डवेअरची यादी) आत्ता न लावलेली जुनी भुतंसुद्धा दिसतात, नॉर्मल मोडमध्ये ती लपलेली असतात. युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स उघडा आणि खालचं सगळं एकेक करून रिमूव्ह करा, रूट हब, होस्ट कंट्रोलर, सगळं. अदर डिव्हाइसेसमध्ये पिवळं प्रश्नचिन्ह लावून बसलेले अननोन पण उडवा. डिस्क ड्राइव्हजमध्ये जुन्या पेनड्राइव्हचं नाव दिसलं तर ते पण, पण तिथं डोळे उघडे ठेवा, मेन हार्डडिस्क त्याच यादीत असते. मामाच्या मशीनवर एकच कंट्रोलर चार वेळा निघाला, मागच्या वीस वर्षांत ज्यानं त्यानं हात मारलेला. कंट्रोल पॅनलच्या अ‍ॅड रिमूव्ह प्रोग्राम्समध्ये कुठल्या पेनड्राइव्हचा ड्रायव्हर दिसत असेल तर तोही काढा, सेफ मोडमध्ये निघत नसेल तर नॉर्मलमध्ये जाऊन आधी तो काढा आणि मग परत सेफ मोडला या.

त्यानंतर नॉर्मल रिस्टार्ट. ते कंट्रोलर परत सापडला म्हणेल, विझार्ड आला तर कॅन्सल करा, डेस्कटॉपवर आलं की एनयूएसबीची फाइल चालवा आणि सांगेल तसं रिस्टार्ट करा. आता ते परत कंट्रोलर, रूट हब वगैरे शोधत बसेल, एकदोन वेळा फाइल मागेल, रस्ता कॅब्सचा द्या. इथं एक खिडकी येते व्हर्जन कॉन्फ्लिक्टची, की कॉपी होणारी फाइल तुमच्याकडच्यापेक्षा जुनी आहे, आहे ती ठेवू का? यस म्हणायचं, दर वेळी यस. घाईत नो दाबलं तर सीडीवरची जुनी फाइल नव्यावर बसते आणि सगळी मेहनत पाण्यात.

हे झालं की मग खिशातला पेनड्राइव्ह काढा. लावल्यावर पाच-दहा सेकंद मशीन थबकल्यासारखं होतं, मग न्यू हार्डवेअर फाउंड अशी छोटी खिडकी दोन-तीनदा येऊन जाते आणि माय कॉम्प्युटरमध्ये रिमूव्हेबल डिस्क उगवते. मामा मागं उभा राहून बघत होता, म्हणाला, "एवढ्यासाठी दोन दिवस?"

काहीच आलं नाही तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) बघा, यूएसबी कंट्रोलर डिसेबल करून ठेवलेला असतो, किंवा असाइन आयआरक्यू फॉर यूएसबी नावाचं सेटिंग बंद असतं. आणि खिडकी आली पण ड्राइव्ह उघडताना फॉरमॅट करू का विचारत असेल तर नो म्हणा, तो घोळ फॉरमॅटचा, म्हणजे पेनड्राइव्हवर फायली ठेवायच्या पद्धतीचा आहे. ९८ ला एनटीएफएस आणि एक्सफॅट दोन्ही वाचता येत नाहीत, फॅट३२ च पाहिजे. नवीन मशीनवर करून आणा, पण ३२ जीबीच्या वरच्या पेनड्राइव्हला विंडोजच्या साध्या फॉरमॅटच्या खिडकीत फॅट३२ चा पर्यायच येत नाही, म्हणून ४ किंवा ८ जीबीचा जुना पेनड्राइव्ह घरात असेल तर तोच वापरा. ६४ जीबीचं मेमरी कार्ड कार्ड रीडरमध्ये घालून लावलं तरी हीच गत, ती एक्सफॅटमध्येच येतात. मोबाइल केबलनं जोडून फायली टाकू म्हणाल तर आत्ताचे फोन वेगळ्या पद्धतीनं बोलतात, ९८ ला ते ड्राइव्ह म्हणून दिसणार नाहीत.

पोर्टेबल हार्डडिस्क लावताना जुन्या मशीनचं पोर्ट कमी पडू शकतं, एका पोर्टातनं ५०० मिलीअँपिअरच मिळतो. डिस्क टिकटिक आवाज करत असेल तर लगेच काढा, दोन तोंडांची केबल किंवा वेगळा अ‍ॅडॅप्टर असलेली डिस्क घ्या.

स्पीडचं आधीच सांगून ठेवतो. या मशीनला यूएसबी १.१ असतंय, कागदावर १२ मेगाबिट, हातात सेकंदाला एक एमबीच्या आतबाहेर. ३०० एमबीचा फोल्डर टाकला की पाचसहा मिनिटं गेली, चहा घेऊन या. यूएसबी २ चं पीसीआय कार्ड बसवता येतं पण ९८ चा ड्रायव्हर सोबत असलेलं बघूनच घ्या. फक्त एकदाच सगळा डेटा बाहेर काढायचा असेल आणि मशीन परत वापरायचंच नसेल तर खरं सांगू, हा खटाटोपच करू नका, हार्डडिस्क काढून आयडीई (जुन्या हार्डडिस्कची जोडणी) ते यूएसबी कन्व्हर्टरनं नव्या मशीनला लावा, अर्ध्या तासाचं काम.

आणि एक गोष्ट जी मराठी माणसालाच नडते. नव्या कॉम्प्युटरवर फाइलला "पाटील लग्नपत्रिका" असं देवनागरीत नाव दिलं आणि पेनड्राइव्ह ९८ ला लावला तर नावाच्या जागी नुसत्या आडव्या रेघा दिसतात आणि फाइल उघडतच नाही. फाइल खराब नसते, ९८ ला ते नाव वाचता येत नाही एवढंच. नाव इंग्रजी अक्षरात करून आणा. मामाच्या पोरानं अशा चाळीस फायली आणल्या होत्या, परत घरी जाऊन एकेकीचं नाव बदलत बसला.

काढताना खाली घड्याळाजवळ चिन्ह येतं त्यावर क्लिक करून स्टॉप करा, मगच उपटा. ते चिन्ह नाही दिसलं तर मशीन बंद करून काढा.