कर्जत-शहापूरकडे घर बांधायला जागा घेताय? टोकन द्यायच्या आधी या चुका टाळा

मुंबईतल्या आपल्या लोकांची प्लॉट बघायची पद्धत ठरलेली आहे. जानेवारीतला रविवार, एजंटची गाडी, मस्त थंडी, समोर माथेरानचा डोंगर, आणि संध्याकाळी घरी पोचेपर्यंत टोकन गेलेलं असतं. कागद नंतर बघू म्हणतात. अहो आयुष्यभराची कमाई लावताय, कागद आधी बघा ना.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते सातबाऱ्यावर. मालकाचं नाव जुळलं की झालं असं वाटतं, पण खरी गोष्ट खाली 'इतर अधिकार' मध्ये असते. बँकेचा बोजा, कुळाची (जमीन कसणाऱ्याची) नोंद, कुळकायदा कलम 43 (कुळाला मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवरचं बंधन), वनखात्याचा शेरा, सगळं तिथे. भोगवटादार वर्ग 2 (सरकारी अटी असलेली जमीन) दिसलं तर बहुतेक वेळा सरकारी परवानगीशिवाय विक्री होत नाही, आणि आदिवासी खातेदाराची जमीन असेल (शहापूर, मुरबाड, कर्जत, पालघरला भरपूर आहेत) तर बिगरआदिवासीला परवानगीशिवाय घेताच येत नाही, एजंट कितीही 'होऊन जाईल' म्हणाला तरी. जुने फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) काढा, बहिणींची नावं वारसात आली होती का आणि हक्कसोड (त्यांनी आपला हिस्सा लेखी सोडणं) झालंय का ते बघा. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च (जमिनीच्या जुन्या व्यवहारांची तपासणी) घ्या. त्याची फी वाचवू नका, प्लीज.

दुसरं म्हणजे ते 'दोन गुंठ्यांचे प्लॉट'. शेतजमीन असते, एनए (बिगरशेती) नाही, त्यावर चुन्याने चौकोन आखतात, कोपऱ्यात सिमेंटचे खांब पुरतात आणि हा तुमचा म्हणून दाखवतात. सातबाऱ्यावर मात्र आठ-दहा जणांचं सामाईक क्षेत्र, तुमचा तुकडा नेमका कुठला ते कुठेच लिहिलेलं नसतं. मग बांधकाम परवानगी अडते, बँक लोन देत नाही, आणि उद्या शेजारचा म्हणाला की विहिरीकडची बाजू माझी तर तुमच्या हातात दाखवायला काही नसतं. शिवाय शेतकरी नसाल तर शेतजमीन तशी घेताच येत नाही. त्यामुळे मंजूर लेआउटचा एनए प्लॉट महाग वाटला तरी तोच घ्या असं माझं ठाम मत आहे.

आता जागा. जी जमीन घेताय ती जुलैत बघा. भातखाचर असेल तर तिथे पाणी साचतं, म्हणून तर तिथे भात लावतात, मग भराव आणि पायाचा खर्च वाढतो. आजूबाजूच्या घरांच्या भिंतीवर पाण्याची रेघ दिसते का बघा, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ते बरोबर सांगतात. 2019 च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली, प्रवाशांना बोटीने काढावं लागलं, आणि त्याच पट्ट्यात उल्हास नदीकाठचे प्लॉट 'रिव्हर व्ह्यू' म्हणून विकतात. पूररेषा विचाराच. त्यातल्या निळ्या रेषेच्या (नदीच्या नेहमीच्या पुराची हद्द) आत घर बांधता येत नाही. डोंगराच्या अगदी पायथ्याचं पण नको, इर्शाळवाडीवर दरड कोसळलेली आपण 2023 ला बघितली.

आणि एकदा मे महिन्यात पण जा. भातसा, तानसा शहापूर तालुक्यात, पाणी आपल्या मुंबईला, आणि तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. शेजारच्या बोअरला मेमध्ये पाणी आहे का ते स्वतः मोटर चालू करायला लावून बघा.

रस्ता कागदावर आहे का? प्लॉटपर्यंत गाडी जाते म्हणजे रस्ता आहे असं नसतं, ती दुसऱ्याच्या शेतातली वहिवाट असू शकते, उद्या त्याने तार मारली की तुमचा विटांचा ट्रक बाहेरच. झोन दाखला (जमीन कुठल्या वापरासाठी आहे त्याचा) घ्या, माथेरानच्या आसपास इको सेन्सिटिव्ह झोन आहे, अलिबागला समुद्राजवळ सीआरझेड (किनारपट्टीचे नियम), दोन्हीकडे बांधकामावर बंधनं असतात. मोजणी भूमी अभिलेख खात्याकडूनच करून घ्या, एजंटच्या टेपची नको.

टोकन द्यायचंच असेल तर चेकने द्या, आणि सर्च, झोन दाखला किंवा मोजणीत गडबड निघाली तर पैसे परत असं लेखी घ्या. हे लिहून द्यायला जो तयार नाही त्याची जागा सोडून द्या.