काळ्या गाईचा रंग विटतोय? तांब्याचा हिशोब असा घाला

आमच्या तासगाव भागात द्राक्षबागांमुळे घरोघरी मोरचूद (कॉपर सल्फेट) असतं. गाय वारंवार उलटायला लागली, म्हणजे भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर यायला लागली, की कुणीतरी सांगतंच, "तांबं कमी पडलंय, आंबोणात (भिजवलेल्या खुराकात) चिमूटभर मोरचूद टाका." कृपा करून टाकू नका. मोरचुदात पाव हिस्सा तांबं असतं, म्हणजे १ ग्रॅममधून २५० मिलिग्रॅम. गाईची दिवसाची गरज याच्या निम्मीच आहे, आणि चिमटीला मोजमाप नसतं. जादा तांबं यकृतात साठत राहतं. बाहेरून काही कळत नाही. मग एक दिवस लघवी लालसर-काळी होते, डोळे पिवळे पडतात, आणि जनावर हाती लागत नाही.

आधी गाय नीट बघा. तांबं कमी पडलं की होल्स्टिन जातीच्या गाईच्या काळ्या भागावर तांबूस झाक येते, डोळ्यांभोवतीचे केस फिकट होऊन चष्मा लावल्यासारखं दिसतं. उन्हानंही केस विटतात, म्हणून एकट्या रंगावर जाऊ नका. माज मुका राहतोय का, म्हणजे बाहेरून दिसतच नाही का, कालवडींची वाढ खुंटलीय का, शेण पातळ पडतंय का, हेही बघा.

आता हिशोब. वैरणीच्या दर किलो कोरड्या भागामागे (पाणी वगळून उरतो तो) साधारण १० मिलिग्रॅम तांबं लागतं. गाईच्या दिवसाच्या खाण्यात असा कोरडा भाग १२ किलो असेल तर १२० मिलिग्रॅम. भारतीय मानकाच्या खनिज मिश्रणात तांबं ०.१ टक्का, म्हणजे रोजच्या ५० ग्रॅममधून ५० मिलिग्रॅम. उरलेलं चाऱ्यातून आणि पेंडीतून यायला हवं. नुसतं उसाचं वाढं आणि कडबा घातला तर ते येत नाही. सरकी पेंड आणि हिरवा चारा जोडीला लागतोच. पिशवी घेताना मागचा तक्ता वाचा. कॅल्शियमचा आकडा मोठा दिसतो, पण तांबं, जस्त, कोबाल्ट, आयोडीन लिहिलेलंच नसेल तर ती पिशवी परत ठेवा.

एवढं करूनही फरक पडत नसेल तर पाण्याकडे बघा. बोअरच्या पाण्यानं हौदाच्या कडेला तांबडा थर धरतो का? ते लोह. लोह, गंधक आणि मॉलिब्डेनम, तिघंही तांब्याच्या आड येतात. गंधक आणि मॉलिब्डेनम तर पोटातच त्याला असं बांधतात, की ते अंगी लागतच नाही. अशा वेळी मिश्रण दुप्पट करण्याआधी पाणी आणि चारा तपासून घ्या. रक्ताच्या तपासणीवर फार विसंबू नका, कारण यकृतातला साठा संपत येईपर्यंत रक्तातलं तांबं ठीकच दिसतं. इंजेक्शन द्यायचं की नाही, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

खनिज मिश्रण आंबोणात कालवून रोज द्या, आठवड्यातून एकदा ओंजळभर नको. वासराला २० ग्रॅम पुरे. केसांचा रंग बदलायला दोन-तीन महिने जातात.

गोठ्यात मेंढ्या असतील तर त्यांची गव्हाण वेगळी ठेवा. गाईला मानवणारं तांबं मेंढीला विष ठरतं. मेंढ्यांसाठी वेगळं मिश्रण मिळतं, तेच आणा.